पानशेतमधून जगभरचा रेडिओ ऐकायला किती खर्च येतो?

आधी आकडा सांगतो. पानशेतला बसून मोबाइलवर जगभरातले, इंटरनेटला जोडलेले रेडिओ रिसीव्हर तासभर ऐकले तर साधारण ६० ते ७० एमबी डेटा जातो. बाकी खर्च शून्य. नोंदणी नाही, सभासदत्व नाही, ओटीपी नाही, एकही कागदपत्र नाही. याहून जास्त पैसे कोणी मागत असेल तर ते कशाचे, हे कळल्याशिवाय देऊ नका.

हे रिसीव्हर म्हणजे कोणाच्या तरी घराच्या छपरावर, शेतात किंवा विद्यापीठाच्या गच्चीवर लावलेली अँटेना आणि तिला जोडलेला सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे एसडीआर. स्टेशन तुम्ही फोनवरून लावता, आवाज इंटरनेटवरून येतो. एकाच रिसीव्हरवर अनेक जण एकाच वेळी वेगवेगळी स्टेशनं ऐकू शकतात. एवढं कळलं तरी कामाला लागता येतं.

तुम्हाला फक्त आकाशवाणी ऐकायची असेल तर या वाटेला जाऊच नका. प्रसार भारतीचं ‘न्यूज ऑन एअर’ ॲप फुकट आहे. पुणे, मुंबई अस्मिता, विविध भारती तिथे स्वच्छ ऐकू येतात. एसडीआरची गरज पडते ती जे ॲपवर मिळत नाही त्यासाठी: शॉर्टवेव्हवरची परदेशी केंद्रं, हॅम म्हणजे हौशी रेडिओ मंडळींच्या गप्पा, वेळेचे संकेत, दूरदेशीचं मध्यम लहरीवरचं एखादं केंद्र.

कुठे ऐकायचं?

सुरुवातीला दोनच ठिकाणं पुरेत. पहिलं, नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचं वेब-एसडीआर. ते २००८ मध्ये सुरू झालं आणि लाँगवेव्हपासून २९ मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा एका पानावर देतं. एका वेळी शेकडो लोक त्यावर असतात, त्यामुळे ‘जागा नाही’ ही अडचण सहसा येत नाही. मोबाइलसाठी त्याचं वेगळं, हलकं पान आहे. नवख्यानं इथूनच सुरू करावं.

दुसरं, किवी-एसडीआर. असे रिसीव्हर जगभर शेकडो आहेत. प्रत्येकाचा मालक वेगळा, अँटेना वेगळी आणि जागा मोजक्या: बहुतेक ठिकाणी चार किंवा आठ. सगळे ० ते ३० मेगाहर्ट्झ ऐकतात. सार्वजनिक यादी आणि नकाशा किवी-एसडीआरच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. यादीत प्रत्येक रिसीव्हरपुढे किती जागा भरल्या आहेत ते दिसतं. आठपैकी आठ भरल्या असतील तर तिथे ताटकळू नका, शेजारच्या देशातला उघडा. भारतातले सार्वजनिक रिसीव्हर मोजकेच असतात, म्हणून पश्चिम आशिया आणि आग्नेय आशियातले दोन-तीन रिसीव्हर बुकमार्क करून ठेवा.

ओपनवेबआरएक्स हा तिसरा प्रकार. त्यात एफएम आणि त्यावरच्या फ्रिक्वेन्सी ऐकवणारे रिसीव्हरही सापडतात. त्याबद्दलची काळजी पुढे सांगतो.

ॲप घ्यायचं की नको?

वरच्या तिन्हींना वेगळं ॲप लागत नाही. क्रोम किंवा सफारी पुरतो. प्ले स्टोअरवर या रिसीव्हरांची यादी छान मांडणारी, आवडती स्टेशनं साठवणारी, मोठी बटणं देणारी ॲपं आहेत. त्यांतली काही खरोखर सोयीची आहेत, विशेषतः लहान पडद्यावर ज्यांना वेब-पान झेपत नाही त्यांच्यासाठी. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ॲपवाला तुम्हाला रिसीव्हर विकत नाही. रिसीव्हर दुसऱ्याचा आहे आणि त्यानं तो फुकट उघडा ठेवला आहे. ॲपचे पैसे फक्त सोयीचे. म्हणून आधी ब्राउझरमध्ये आठवडाभर ऐका. गोडी लागली तर ॲप घ्या, तेही एकदाच पैसे घेणारं. दर आठवड्याला कापून घेणारं नको.

सापळा बहुतेक वेळा इथेच असतो. ‘तीन दिवस मोफत’ असं मोठ्या अक्षरात आणि त्यानंतरचा साप्ताहिक दर बारीक अक्षरात. दर आठवड्याला शंभर रुपये म्हणजे वर्षाला ५,२०० रुपये, आणि तेही फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी. ॲप फोनवरून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही. ती प्ले स्टोअरच्या ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करावी लागते. यूपीआयनं परवानगी दिली असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमधली ऑटोपे किंवा मँडेटची यादीही उघडून बघा. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना पाठवणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका. चुकून पैसे गेले तर गुगल प्लेकडे परतावा मागायची सोपी मुदत खरेदीपासून ४८ तासांची आहे. पहिल्याच दिवशी मागा.

परवानग्यांकडेही लक्ष द्या. रेडिओ ऐकणाऱ्या ॲपला संपर्कयादी, एसएमएस, कॉल लॉग, कॅमेरा, मायक्रोफोन यांतलं काहीही लागत नाही. जवळचा रिसीव्हर शोधायला लोकेशन मागेल, तेही नाकारलं तरी काम चालतं. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल घालू नका. ‘प्रो व्हर्जन फुकट’ असं सोबत लिहिलेलं असेल तर मुळीच नको.

डेटाचा खरा हिशेब

किवी-एसडीआरचा दाबलेला आवाज सेकंदाला ४८ किलोबिट घेतो. तासाला सुमारे २२ एमबी. त्यासोबत पडद्यावर रंगीत पट्टा सरकत असतो, ज्याला वॉटरफॉल म्हणतात. तो पूर्ण वेगानं चालू ठेवला तर आणखी ४० एमबीच्या आसपास जातो. स्टेशन सापडलं की वॉटरफॉलचा वेग कमी करा किंवा तो थांबवा. डेटा एक तृतीयांशावर येतो आणि बॅटरीही वाचते. आवाजाचं ‘कॉम्प्रेशन’ मात्र बंद करू नका. ते बंद केलं की आवाजाचाच डेटा चौपट होतो आणि फोनच्या स्पीकरवर फरक फारसा कळत नाही.

दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असेल तर वॉटरफॉल चालू ठेवूनही वीस तासांहून जास्त ऐकता येतं. पण त्याच दीड जीबीत घरातल्यांचे व्हिडिओ चालू असतील तर तो दुपारीच संपतो आणि अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. ४८ चा आवाज ६४ मध्ये कागदावर बसतो, प्रत्यक्षात तुटत येतो. अशा वेळी वॉटरफॉल पूर्ण बंद करून बघा. डेटाचं जादा पॅक लगेच घेऊ नका, मध्यरात्रीनंतर दिवसाचा कोटा पुन्हा सुरू होतो.

आता ज्यावर सगळ्यात जास्त डेटा जातो ती गोष्ट. एसडीआर टचसारखी काही ॲपं दूरच्या रिसीव्हरकडून तयार आवाज न घेता कच्चा सिग्नल मागवतात आणि आवाज तुमच्या फोनवर तयार करतात. त्याला ‘आरटीएल-टीसीपी’ म्हणतात. नेहमीच्या २.४ मेगासॅम्पलच्या सेटिंगला हा प्रवाह सेकंदाला ४.८ एमबी होतो. म्हणजे तासाला १७ जीबी. नेटवर्कनं साथ दिली तर दीड जीबीचा दिवसाचा कोटा सव्वापाच मिनिटांत संपतो. ही सोय घरच्या वाय-फायवर, घरातल्याच रिसीव्हरसाठी आहे. मोबाइल डेटावर तिला हात लावू नका. कुठल्याही ॲपमध्ये ‘सॅम्पल रेट’, ‘आयक्यू’, ‘रॉ’ असे शब्द दिसले की थांबा आणि आधी फोनच्या सेटिंगमध्ये डेटाची मर्यादा लावा.

पानशेतला रेंजचं काय?

पानशेत पुण्यापासून रस्त्यानं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. धरणाजवळच्या वस्तीत ज्या कंपनीची रेंज मिळते, तीच दरीत आत मिळेल असं धरू नका. शिरकोली, माणगाव, घोळच्या बाजूला डोंगर आडवे येतात आणि एका वळणावर असलेली रेंज पुढच्या वळणावर जाते. मुक्कामी येणार असाल तर खोली ठरवतानाच मालकांना विचारा: खोलीच्या आत कोणत्या कंपनीचा फोरजी चालतो, वाय-फाय आहे का, वीज गेल्यावर राउटर बॅकअपवर चालतो का. ‘रेंज आहे’ या उत्तरावर थांबू नका. आवारात रेंज असणं आणि खोलीत असणं वेगळं. मोबाइल कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे असतात, तेही निघण्याआधी बघा.

शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते आणि टॉवरवर ताण येतो. आवाज अडखळत असेल तर दोष रिसीव्हरचा नसून टॉवरचा असण्याची शक्यता जास्त. सकाळी लवकर किंवा रात्री दहानंतर ऐका. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. पॉवर बँक भरून आणा.

काही ठिकाणचं वाय-फाय हे रिसीव्हर उघडूच देत नाही. कारण साधं आहे. किवी-एसडीआरचा पत्ता बहुधा ८०७३ या पोर्टवर असतो आणि अनेक राउटर किंवा कार्यालयीन जाळी असे पोर्ट अडवतात. पान उघडलं नाही तर एकदा मोबाइल डेटावर करून बघा. ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देईल, कारण यांतली बरीच पानं जुन्या एचटीटीपी पद्धतीची असतात. फक्त ऐकायला हरकत नाही. अशा पानावर पासवर्ड, कार्ड नंबर किंवा फोन नंबर मात्र कधीच टाकू नका.

पान उघडलं, आवाज नाही? पडद्यावर एकदा बोट टेकवा. मोबाइलचे ब्राउझर तुम्ही स्पर्श केल्याशिवाय आवाज सुरू करत नाहीत. पडदा बंद झाल्यावर आवाज जात असेल तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या ब्राउझरवरचं बंधन काढा.

नावाची चौकट

किवी-एसडीआर उघडताच नाव किंवा कॉलसाइन, म्हणजे परवानाधारक हॅमचं ओळखचिन्ह, विचारतो. हे सक्तीचं वाटतं, पण ते लॉगिन नाही. इथे टाकलेलं नाव त्या रिसीव्हरवरच्या सगळ्यांना दिसतं आणि सोबत तुमच्या आयपी पत्त्यावरून काढलेलं शहरही दिसू शकतं. पूर्ण नाव, फोन नंबर, ईमेल टाकू नका. टोपणनाव किंवा गावाचं नाव पुरे. परवाना नसताना कॉलसाइन टाकणं चूक, आणि दुसऱ्याचा टाकणं तर त्याच्या नावावर वावरणं आहे. मुलांच्या हातात फोन देत असाल तर ही चौकट तुम्हीच भरून द्या.

‘आजची मर्यादा संपली’ असा संदेश पहिल्याच मिनिटाला आला तर गोंधळू नका. बरेच मालक एका आयपी पत्त्याला दिवसाला ठरावीक वेळ देतात. मोबाइल नेटवर्कवर एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो, त्यामुळे तुमच्या वाट्याची वेळ दुसऱ्यानं वापरलेली असू शकते. विमान मोड चालू-बंद करून बघा, नाहीतर दुसरा रिसीव्हर घ्या. ‘मर्यादा उठवून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

काय, कधी, कोणत्या बटणावर?

परदेशी केंद्रांसाठी एएम मोड. रात्री ५९०० ते ६२०० आणि ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ, दिवसा ११६०० ते १२१०० आणि १५१०० ते १५८००. हॅमसाठी ७००० ते ७२०० किलोहर्ट्झवर एलएसबी (लोअर साइडबँड), १४००० ते १४३५० वर यूएसबी (अपर साइडबँड). बोलणं बदकासारखं येत असेल तर मोड चुकला आहे किंवा फ्रिक्वेन्सी थोडी सरकलेली आहे. दहा-वीस हर्ट्झनं मागेपुढे करा. रिसीव्हर चांगला आहे की नाही हे तपासायचं असेल तर १०००० किलोहर्ट्झ लावा. वेळेच्या संकेताची टिकटिक आली तर कान ठीक आहे. घड्याळ मात्र त्यावर लावू नका, इंटरनेटमुळे आवाज मागे पडतो.

वेळ मोजायची ती रिसीव्हरच्या गावची, पानशेतची नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. खालच्या फ्रिक्वेन्सी अंधारात लांबवर जातात आणि तो अंधार प्रक्षेपकाकडे नि रिसीव्हरकडे असावा लागतो. डिसेंबरात पानशेतला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा नेदरलँड्समध्ये दुपारचे साडेचार वाजून सूर्य मावळत असतो. जूनमध्ये त्याच वेळी तिथे लख्ख ऊन असतं. वेळापत्रकं सगळी यूटीसीत असतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. शॉर्टवेव्ह केंद्रांच्या फ्रिक्वेन्सी मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, म्हणून जुनी छापील यादी विकत घेऊ नका. पुणे आकाशवाणीची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झ. ती दूरच्या रिसीव्हरवर शोधायचा छंद असेल तर रात्र निवडा.

काय ऐकू नये?

प्रसारण केंद्रं, हॅम, वेळेचे संकेत इथवर राहा. पोलीस, सैन्यदल, विमानतळ यांचं बोलणं कोणत्याही रिसीव्हरवर, विशेषतः ओपनवेबआरएक्सवर, सापडलं तरी तिथे थांबू नका, रेकॉर्ड करू नका आणि गटात पाठवू तर अजिबात नका. दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ४२ नुसार बेकायदा संदेश अडवून ऐकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पुण्याचा लोहगाव विमानतळ वायुदलाचा आहे, हेही विसरू नका.

हॅमच्या गप्पा ऐकून स्वतः बोलावंसं वाटलं तर तो वेगळा मार्ग आहे: परीक्षा, मग दूरसंचार विभागाचा परवाना. किमान वय १२. अर्ज सरल संचार पोर्टलवर होतो. शुल्क पोर्टलवर दिसेल तेवढंच आणि तिथेच भरा, एजंटच्या हातात नको. या रिसीव्हरांवर फक्त ऐकता येतं, कितीही बटणं दाबली तरी तुमचा आवाज बाहेर जात नाही.

स्वतःचा रिसीव्हर पानशेतला लावायचा असेल तर

घर किंवा शेत पानशेतला असेल तर हा विचार जरूर करा. शहरात एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टरचा रेडिओ-गोंगाट इतका असतो की शॉर्टवेव्हवर बारीक स्टेशनं बुडून जातात. वस्तीपासून थोडं दूर असलेल्या शेतघरात तो खूप कमी असतो. तुम्ही पुण्यात बसून फोनवर तो रिसीव्हर ऐकू शकता.

स्वस्त सुरुवात यूएसबी आरटीएल-एसडीआर काडीपासून: नामांकित बनावटीची काडी परदेशात अँटेनासह ४० डॉलरच्या आसपास. तिला चालवायला छोटा संगणक लागतो. तयार किवी-एसडीआर त्याच्या कैक पट महाग, चारशे डॉलरच्या घरात. दोन्हींवर कुरिअरचं भाडं, सीमाशुल्क आणि जीएसटी वेगळा. पार्सल सोडवताना कुरिअर कंपनी स्वतःचं हाताळणी शुल्क लावते, ते बिलात वेगळ्या ओळीवर असतं, मागण्याआधी विचारा. सीमाशुल्कासाठी केवायसी लागते, आधार किंवा पॅनची प्रत तयार ठेवा. ती कंपनीच्या अधिकृत दुव्यावरच चढवा. ‘पार्सल अडकलंय, इथे पैसे भरा’ अशा एसएमएसवर नको. देशातल्या ऑनलाइन दुकानांत निळ्या-काळ्या स्वस्त काड्या त्याच नावानं विकल्या जातात. त्यांतल्या अनेक दिसायलाच सारख्या असतात, म्हणून परतीची मुदत असलेल्याच विक्रेत्याकडून घ्या.

वीज फारशी लागत नाही. पाच ते दहा वॅटचा रिसीव्हर चोवीस तास चालला तर महिन्याला चार ते सात युनिट. राउटरचे तेवढेच धरा. इंटरनेटची गोष्ट जास्त महत्त्वाची. सिमकार्डच्या राउटरवर बाहेरून जोडणी येत नाही, कारण स्वतंत्र आयपी पत्ता नसतो. फायबर घेत असाल तर ‘पब्लिक आयपी मिळेल का आणि त्याचे महिन्याला किती’ हे लेखी विचारा. हा खर्च बहुधा जाहिरातीत नसतो. किवी-एसडीआर घेणाऱ्याला त्याच्या बनवणाऱ्यांची प्रॉक्सी सेवा फुकट मिळते, तिथे पब्लिक आयपीचे पैसे वाचतात.

अँटेना स्वतःच्या जागेतच बांधा. धरणाची भिंत, सांडवा, पाटबंधारे खात्याचं आवार आणि वनजमीन इथे तार टाकायला किंवा यंत्र घेऊन उभं राहायला जाऊ नका. तार विजेच्या लाइनच्या वरून किंवा खालून नेऊ नका. मे महिन्याच्या वळवापासून परतीच्या पावसापर्यंत, घरी नसाल तेव्हा अँटेनाची केबल रिसीव्हरपासून काढून खिडकीबाहेर ठेवायला कोणालातरी सांगा. नुसतं बटण बंद करून आकाशातली वीज थांबत नाही.

तक्रार करायची वेळ आली तर वर्गणी किंवा खराब वस्तूसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३०, आणि तोही त्याच तासात. फोन करण्याआधी व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम आणि ॲपच्या पानाचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.